कुरडई आऊट

आमच्या चिखलीत जमिनी विकून जो तुकडा उरतो, त्यावर माणूस दोनच गोष्टी करतो. पत्र्याचं शेड मारून तो वर्कशॉपला भाड्यानं देतो, नाहीतर टर्फ, म्हणजे हिरवं नकली गवत, अंथरून क्रिकेटवाल्यांना. माझ्या सासऱ्यांनी घरामागच्या परसात टर्फ टाकायचं ठरवलं, ते मात्र भाड्यासाठी नव्हे. त्यांना नातवंडांना खेळताना बघायचं होतं. कंपनीच्या शिफ्टपायी स्वतःची पोरं त्यांनी बहुतेक झोपलेलीच पाहिली होती. आता रिटायर होऊन घरी बसले, तर माझी लेक आणि माझा पुतण्या दप्तर फेकून कोपऱ्यावरच्या भाड्याच्या टर्फवर पसार. "आरं, माज्या डोळ्यापुढं खेळा की!" असं सासरे रोज ओरडायचे आणि पोरं "हो आजोबा" म्हणून रोज पळायची.

अडचण एकच होती. परस म्हणजे सासूबाईंचं राज्य. चहूकडं इमारती उठल्यापासून ऊन म्हणून जे काही आमच्या वाट्याला यायचं, ते तिथंच. कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, सगळ्याचं वाळवण तिथं. आता मोठं भांडण होणार म्हणून मी कान टवकारून बसले होते. पण सासूबाई फक्त "करा" म्हणाल्या. त्या भांडत नाहीत तेव्हा जास्त जपून राहावं लागतं, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. तेव्हा मीही गप्प राहून मजा बघायचं ठरवलं.

टर्फवाल्यानं माप घेतलं, खडी पसरली, रोलर फिरवला. सासरे खुर्ची टाकून सुपरवायझर झाले आणि "ढाळ बघ, ढाळ, पानी साचंल" असं सांगून त्या माणसाचं डोकं खाऊ लागले. मग हिरव्या गुंडाळ्या उलगडल्या, चिकटवल्या, चारी बाजूंनी आणि वरून जाळी आली. या सगळ्यात सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला.

"उन्हानं काय व्हईल का रं ह्याला?"

"काही नाही होत मावशी. उन्हासाठीच बनवलंय."

"मंग झालं," म्हणून त्या आत गेल्या. जाताना हसल्या, ते फक्त मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खराट्याचा आवाज आला. कारागीर केवढी घाण टाकून गेलेत म्हणून सासूबाईंनी अख्खं टर्फ झाडून काढलं होतं. वाळू आणि रबराचा काळा चुरा गोणीत भरून गोणी फाटकाबाहेर. गवत बिचारं आडवं पडलेलं. सासरे दात घासत बाहेर आले आणि ब्रश तोंडातच राहिला.

"अगं, ती घान न्हाई! ती त्याच्यातच आसती! तिच्यावरच गवत हुबं ऱ्हातं!"

"मंग आदी सांगायचं की. मानूस लावून गवतात माती टाकायची, आन् मी झाडली तर मी येडी व्हय?"

तेवढ्यात घंटागाडीचं गाणं वाजलं आणि गोणी गाडीत गेली. बनियनवरचे सासरे, तोंडाला फेस, गाडीमागं गल्लीभर पळाले आणि गोणी परत घेऊन आले. त्यात शेजाऱ्यांच्या केळ्यांच्या चार साली जादा होत्या. मग मी आणि सासूबाई पिठाच्या चाळणीनं तो चुरा चाळत बसलो. "घान चाळून परत घान टाकायची," असं त्या चाळणी हलवत म्हणत होत्या. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

पोरं आठवडाभर उड्या मारत खेळली. मग पुतण्यानं जाहीर केलं, "आजोबा, इथं सिक्सच बसत नाही." दोघंही परत कोपऱ्यावर. सासरे रोज संध्याकाळी रिकाम्या टर्फसमोर खुर्ची टाकून बसायचे. मला खरंच फार वाईट वाटायचं. चहा नेऊन दिला तरी तो गार होईपर्यंत तसाच राहायचा.

सासूबाईंना मात्र वेगळाच शोध लागला होता. दुपारी टर्फ तव्यासारखं तापतं, आणि जाळीमुळे कावळा आत येत नाही. त्यांनी गहू भिजत घातला, तिसऱ्या दिवशी तो आंबला, सकाळी चीक शिजला, आणि अर्ध्या टर्फवर जुन्या साड्या टाकून कुरडया बसल्या. गरम चीक दूध-साखर घालून खायला पोरांना हाक मारली, तर सोबत त्यांची सगळी टीम आली. पोट भरल्यावर पोरं गप्प थोडीच बसणार? संध्याकाळी ऊन उतरताच उरलेल्या अर्ध्या टर्फवर स्टंप रोवले गेले.

सासरे अंपायर झाले आणि उभं राहून त्यांनी नियम सांगितला, "कुरडईला बॉल लागला की आऊट." सासूबाईंनी त्यात भर घातली, "आन् मोडली ती त्यानंच खायची." झालं! अर्धवट वाळलेली कुरडई म्हणजे पोरांचा जीव की प्राण. पुतण्या तर मुद्दाम तिकडंच फटके मारायला लागला. सासूबाई शिव्या घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी मापटंभर गहू जास्त भिजवायच्या.

एका संध्याकाळी खेळ संपता संपता टीममधला एक जण म्हणाला, "उद्या कोपऱ्यावर जाऊ या. तिथं लाईट आहे, मोठं पण आहे."

सासरे खुर्चीत ताठ बसले. बघत मात्र दुसरीकडंच होते.

"नको," माझी लेक म्हणाली. "तिथं कुरडई-आऊट नसतं. इथंच खेळायचं. आणि तिथं आजोबा पण नसतात ना, मग आऊट कोण देणार?"

सासरे उठले आणि पाणी प्यायला घरात गेले. भरलेला तांब्या खुर्चीशेजारीच होता. मी तो उचलून त्यांच्या मागोमाग निघाले, तशी सासूबाईंनी माझा पदर धरला.

"ऱ्हाऊ दे गं," त्या हळूच म्हणाल्या. "जरा येळ कुनी आत जाऊ नका."