दह्यानं घालवलेली मॅच

आमच्या भाच्याच्या छावणीची फुटबॉल टीम सीझनभर एकही मॅच हरली नव्हती. शेवटची हरली, ती माझ्यामुळं. मी मैदानात खेळायला उतरलोही नव्हतो.

भाचा म्हणजे ओंकार. जन्म इथलाच, अमेरिकेतल्या बॉथेल गावचा. बाकी मराठी पोरं कॉम्प्युटरला गेली, हा मिलिटरीत गेला. त्याची आई, म्हणजे माझी ताई, लॅबमध्ये शास्त्रज्ञ. आणि मी चौथीत बसलो तो अजून उठलो नाही. इथं हॉटेलात तंदूर सांभाळतो. (घराण्याची सरासरी कोणीतरी खाली आणायला लागतेच.)

अमेरिकन फुटबॉल म्हणजे नाव पायाचं आणि सगळं काम हाताचं. छावणीतली पोरं कमरेला कापडी पट्ट्या लावून खेळतात. बॉलवाल्याची पट्टी ओढली की तो थांबला. ओंकारचं काम लांबून फेकलेला बॉल पळत पळत झेलायचा. सीझनभर त्याच्या हातून एक सुटला नाही.

पण तिकडं लढाई पेटली आणि इकडं टीम गळायला लागली. प्रत्येक मॅचला कोणीतरी कमी. कुठं गेला विचारलं की ओंकार म्हणायचा, ऑर्डर आली. शेवटी शेवटी मेसचा पोट सुटलेला आचारी आणि छावणीचा फादरही पट्ट्या लावून पळत होते. तरी जिंकायचे.

मग उरलेल्या सगळ्यांचीच ऑर्डर आली. ओंकारची पण. शेवटची मॅच संपली की कपडे बदलून सरळ बस. घरच्यांनी काय भेटायचं ते मध्यंतरात.

ताई पार्किंगमध्ये गाडीतच बसली. म्हणाली, "मी समोर गेले तर तो खेळायचा नाही." आणि माझ्या हातात स्टीलचा डबा दिला. साखर घातलेलं दही. दह्यात नुसते जंतू असतात असं मला जन्मभर ऐकवणारी ही बाई, आदल्या दिवशी स्वतः विरजण लावून बसली होती.

"त्याच्या हातावर घाल," एवढंच म्हणाली.

लांब निघालेल्या माणसाच्या हातावर दही घातलं की तो परत येतो, ही आमच्या आईची शिकवण. तिचा आणखी एक कायदा होता. दही चाटायचं, पण हात धुवायचा नाही, पुसायचा नाही. तसंच निघायचं.

मध्यंतरात मी डबा घेऊन मैदानाच्या कडेला गेलो. ओंकारनं काही न विचारता उजवा हात पुढं केला. दही चाटलं. मी कायदा सांगितला. तेवढ्यात त्यांचा बॉल फेकणारा कॅप्टन, ताडमाड गडी, डब्यात डोकावला. हे काय, म्हणाला.

ओंकार म्हणाला, "सो यू कम बॅक."

कोणी हसलं नाही. कॅप्टननं तळवा पुढं केला. मग आचाऱ्यानं. मग फादरनं, जरा इकडंतिकडं बघून. मग सगळेच रांगेत. मी चमच्यानं वाढत सुटलो. पंगत बघितली की मला भान राहत नाही. ओंकारनं सगळ्यांना आजीचा कायदाही समजावून सांगितला.

पुढचा अर्धा खेळ देवानं शत्रूला दाखवू नये. कॅप्टननं बॉल फेकला तो मागंच गेला. ओंकारच्या हातातून साबणासारखा सुटला. आचाऱ्यानं झेलला, छातीशी धरला, आणि तो काखेतून निघून गेला. पंचानं बॉल उचलून वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी डबा मागं लपवला.

त्यांचा सार्जंट कडेवरून ओरडत होता, हात पुसा, हात पुसा. टॉवेल फेकले त्यानं. एकानंही उचलला नाही. एवढे दांडगे गडी, सीझनभराचं नाव चाललं होतं हातातून, पण पँटलासुद्धा कोणी हात पुसला नाही.

हरले.

हात मिळवताना जिंकलेल्यांच्या कॅप्टनचा तळवा चिकटला. त्यानं कारण विचारलं, ओंकारनं सांगितलं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बस त्यांचीही ठरलेली होती. डबा रिकामा. मी कडेनं बोट फिरवलं, निघालं तेवढं त्याच्या तळव्याला लावलं.

गाडीशी आलो तर ताईनं काच खाली केली. "मिळालं त्याला?"

"मिळालं."

"आणि मॅच?"

"हरले. दह्यानं."

आधी ती हसली. मग रडायला लागली, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत थांबली नाही. मी तंदूरवाला माणूस, धुराची सवय आहे, तरी डोळे चुरचुरले.

परवा ओंकारचा फोन आला. सगळे ठीक आहेत म्हणाला. "मामा, टीम म्हणते, नेक्स्ट सीझन तू पार्किंगमध्येच बसायचं."

मी म्हटलं, "तुम्ही सगळे या तर खरं. पार्किंग काय, मी डिकीत बसतो."