एमिल्याँ फार्जाची जागा

लग्न होऊन आर्मांदीन लाशो नावाच्या खेड्यात आली तेव्हा सासूनं तिला दोन दिवसांत सगळं घर समजावून दिलं. विहिरीचा दोर कुठं झिजलाय, कुठली कोंबडी अंडी लपवते, सासऱ्यांच्या सूपमध्ये कांदा का घालायचा नाही, सगळं. पण सप्टेंबरच्या शेवटी एका पहाटे सासरा आणि नवरा टोपल्या घेऊन निघाले आणि तिनं सहज विचारलं, "कुठं निघालात?" तेव्हा तिघंही एकदम गप्प झाले.

ते दोघं गेल्यावर सासू पाव कापता कापता म्हणाली, "पोरी, हे मीसुद्धा आजवर विचारलेलं नाही."

लाशोत कोणाच्या घरी काय शिजतं, कोणाची गाय कधी व्यायली, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. लपवायची गोष्ट एकच. चेस्टनट आणि ओकच्या रानात जाड देठाची, तपकिरी टोपीची अळंबी उगवतात, त्यांना तिकडे सेप म्हणतात. ती कुठं उगवतात हे बापानं मुलाला दाखवायचं, तेही बापाचे गुडघे दुखायला लागल्यावर. बायकांना नाही, कारण बायका माहेरी जातात. वाटेत कोणी हटकलंच तर उलट्या दिशेचं गाव सांगायचं, आणि विचारणाऱ्यानंही ते उलटंच आहे असं समजून पुढं जायचं. याला तिथं कोणी खोटं बोलणं म्हणत नाही. चर्चमध्ये पापं कबूल करतानाही हे कोणी मोजत नाही.

तिचा नवरा एमिल्याँ मुळातच कमी बोलणारा. हिवाळाभर तो रानात पाल्याची झोपडी करून चेस्टनटच्या फांद्या चिरायचा आणि पिंपांना लागणाऱ्या कड्या वळायचा. हात फाटलेले, अंगाला ओल्या सालीचा वास. घरी आला की सूप संपत आल्यावर ताटलीत वाइन ओतून ती तोंडाला लावायची आणि झोपायचं. आर्मांदीनला पहिली दोन वर्षं हा माणूस आपल्यावर रागावलाय असंच वाटत होतं. मग एकदा ती तापानं फणफणली असताना त्यानं न बोलता गाईची धार काढली, कपडे धुतले आणि ते इतके वाईट वाळत घातले, की सगळ्या गावानं त्याची चेष्टा केली. तेव्हापासून तिनं त्याच्या गप्प बसण्याचं वाईट वाटून घेणं सोडलं.

दुसरं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. लाकडाचा व्यापारी वालाद पानगळीतल्या एका सकाळी पाणंदीत मेलेला सापडला, डोक्यावर धारदार हत्याराचा घाव. आठवड्यापूर्वीच नोएमीच्या कॅफेत त्याचं आणि एमिल्याँचं कापलेल्या लाकडावरून कडाक्याचं भांडण झालं होतं, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. एमिल्याँकडे कोयता होता. आणि त्या पहाटे तो घराबाहेर होता.

फौजदार नवा होता, उत्तरेकडच्या कोळसाखाणींच्या मुलखातला. त्यानं विचारलं, "सकाळी कुठं होतास?"

"पेरिलाकला, मावसभावाकडे," एमिल्याँ म्हणाला.

फौजदारानं मावसभावाला विचारलं. तो बिचारा खरं तेच बोलला. मग एमिल्याँ म्हणाला, नदीवर गेलो होतो. नदीच्या पुलावर त्या दिवशी गवंडी काम करत होते, त्यांनी कोणाला पाहिलं नव्हतं. गावातला फौजदार असता तर पहिल्या उत्तरालाच हसला असता आणि म्हणाला असता, बरं, टोपली घेऊन गेला होतास ना, मग सोड. या फौजदारानं दोन्ही उत्तरं लिहून घेतली. त्यानंतर एमिल्याँनं तोंड उघडलं नाही.

त्याला पकडलं, खटला भरला, आणि आर्मांदीन लिमोज शहराच्या न्यायालयात साक्षीला उभी राहिली. काळा झगा नीट करत सरकारी वकिलानं विचारलं, "मादाम, तुमचे पती अळंबी आणायला गेले होते म्हणता. मग त्या दिवशी घरात किती अळंबी शिजली?"

"एकही नाही. टोपली रिकामीच होती."

कोणीतरी हसलं. ती खाली बसली तेव्हा तिला कळलं, की आपण नवऱ्याच्या गळ्यातला फास आणखी आवळला आहे. त्या काळी अशा गुन्ह्याला तुरुंगाच्या आवारात मान कापत.

तुरुंगात भेटायला गेली तेव्हा ती जाळीतून म्हणाली, "वकीलसाहेब म्हणतात, जागा दाखव. पायांचे ठसे, काहीतरी सापडेल."

एमिल्याँनं नकाराची मान हलवली. "त्या फौजदाराची बायको स्वयंपाकात भारी आहे म्हणतात," तो म्हणाला.

"मान जाईल तुझी."

"आबा अजून आहेत. त्यांना विचार."

म्हातारा सासरा चुलीजवळ बसलेला असायचा. आर्मांदीननं त्याला विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो बोलला नाही. पंधरवड्यानं वारला. तिनं दोघांनाही मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते तिनं पुढं कधी कोणाला सांगितलं नाही.

शिक्षा होण्याच्या बेतात असताना वालादच्या जावयानं दारूच्या भरात बायकोपाशी कबुली दिली, आणि बायकोनं ती फौजदाराला जाऊन सांगितली. एमिल्याँ घरी आला. दिलगिरीचा शब्द कोणाकडून आला नाही. कॅफेत त्याला एक ग्लास मिळाला, वर कोणीतरी पाठीवर थाप मारून म्हणालं, "लेका, अळंब्यांपायी मरत होतास की." तोही थोडा हसला.

त्यानंतर दर पानगळीत तो टोपली घेऊन निघायचा आणि मूठभर घेऊन परत यायचा, तीही रस्त्याच्या कडेला कुणालाही सापडतील अशी. यंदा पाऊस कमी, म्हणायचा. नाहीतर, यंदा थंडी लवकर पडली. गावात म्हणत, हा गुपचूप शहरात विकत असणार. आर्मांदीनला मूल झालं नाही, त्यामुळे जागा कोणाला दाखवणार हाही प्रश्न होता. तो प्रश्न दोघांनी कधी काढला नाही.

अशी वीसेक वर्षं गेली आणि पॅरिसहून चष्मा लावलेला एक सिनेमावाला आला. जुन्या वर्तमानपत्रांत त्यानं हा खटला वाचला होता. नोएमीच्या कॅफेत तो तीन दिवस बसून होता. आर्मांदीनकडे येऊन ऑम्लेट खाल्लं, अगदी मनापासून वाखाणलं. एमिल्याँ पाठीमागच्या दारानं निघून गेला होता, म्हणून त्यानं तिलाच विचारलं, "पण ते गप्प का राहिले, मादाम?"

तिनं सांगितलं.

सिनेमावाला ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "प्रेक्षकांना हे पटणार नाही हो."

"नाही पटलं तर?"

"पैसे परत मागतील," तो हसून म्हणाला.

वर्षभरानं तालुक्याच्या गावातल्या थिएटरात सिनेमा लागला. सगळं लाशो बस करून बघायला गेलं. एमिल्याँला छातीचा त्रास सुरू झाला होता, तो घरीच राहिला. नोएमी आर्मांदीनच्या शेजारी बसली. दोघींची मैत्री जुनी, एमिल्याँ तुरुंगात असताना हिच्या गोठ्याचं काम तिनंच केलं होतं.

पडद्यावरचा माणूस देखणा होता, अंगात चामड्याचं जाकीट. त्याचं नाव वेगळं, गावाचं नाव वेगळं. पण पाणंद तीच, कोयता तोच. आणि तो गप्प का राहिला, हे अर्धा सिनेमा झाल्यावर कळलं. त्या पहाटे तो एका तरुण विधवेकडे होता. ती कॅफे चालवत असे. तिची अब्रू जाऊ नये म्हणून तो मान द्यायला तयार झाला होता. थिएटरात बायका डोळे पुसत होत्या.

नोएमी तेव्हा तरुण विधवा होती. कॅफे तेव्हाही तिचाच होता.

"नटी तरी बरी दिली मला," नोएमी अंधारात कुजबुजली. "कंबर बघितलीस तिची?"

आर्मांदीन हसली नाही. परत येताना बसमध्ये ती दुसऱ्या बाकावर बसली.

पुढच्या आठवड्यात गावातल्या बायकांनी जुनी सकाळ पुन्हा वाटून घेतली. कोणाला आठवलं, की त्या पहाटे कॅफेची खिडकी उघडी होती. कोणाला आठवलं, की नोएमीनं तुरुंगात सॉसेज पाठवलं होतं. ज्यांनी कधी एमिल्याँकडे धड पाहिलं नव्हतं त्या आता त्याच्याकडे बघून मान तिरकी करत. एक म्हणाली, "माणूस मोठ्या मनाचा निघाला हो." पूर्वी तो अळंब्यांपायी मरायला निघालेला मूर्ख होता, आता बाईपायी मरायला निघालेला मर्द झाला होता. आर्मांदीननं दोन महिने कॅफेचा उंबरा ओलांडला नाही. पाव कॅफेतच मिळायचा, तो घ्यायलाही ती दुसऱ्या गावी जाऊ लागली.

तिला ते खरं वाटत नव्हतं. पण सकाळी चूल पेटवताना ती रिकामी टोपली डोळ्यांपुढं यायची. अळंबी आणायला गेलेला माणूस भर हंगामात रिकामा का येईल? वीस वर्षं हा प्रश्न तिच्यापाशी होता आणि तो कधी टोचला नव्हता. आता तो टोचायचा.

ऑक्टोबरमध्ये ती एमिल्याँला म्हणाली, "मला जागा दाखव."

"कशाला?"

"बघायचीय."

"त्या सिनेमातलं खरं वाटलं तुला?"

"मला काय वाटतं ते मलाच कळत नाहीये. म्हणून म्हणते."

त्यानं तिच्याकडे बघितलं, काठी घेतली आणि कोट चढवला. दोघं निघाली. चढावर तो तीनदा थांबला, शिट्टीसारखा श्वास घेत. दिवस स्वच्छ होता. गिरणीच्या मागून, ओढा ओलांडून ते फरच्या झाडांच्या लागवडीपाशी आले. सरळ रांगांत लावलेली उंच, काळपट झाडं, खाली नुसत्या वाळक्या सुया. तिथं गवताची काडी उगवत नव्हती.

"हीच," एमिल्याँ म्हणाला.

"हे तर लागवडीचं रान."

"आधी चेस्टनट होते. आजोबांच्याही आधीचे. मी आत होतो तेव्हा पॅरिसच्या मालकानं तोडून विकले, आणि ही लावली." तो जरा थांबला. "सुटून आलो, दुसऱ्या दिवशी इथं आलो. बुंधेच होते नुसते."

आर्मांदीन त्याच्याकडे वळली. "मग इतकी वर्षं पहाटे उठून कुठं जात होतास?"

"इथंच."

"करायचास काय?"

"बसायचो."

"सांगायचं की मला."

"काय सांगायचं? ज्याच्यापायी तुला कोर्टात उभं केलं ते आता नाहीच आहे म्हणून?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. कुठल्याही लागवडीकडे बोट दाखवून हे सांगता आलं असतं. ती एकदम म्हणाली, "त्या दिवशी टोपली रिकामी का होती?"

"बारीक होती. बोटाएवढी. पुष्कळ होती, पण बारीक. म्हटलं, दोन दिवस राहू द्यावीत. वर पानं सारली आणि आलो." त्यानं नाक पुसलं. "तुरुंगात पहिले आठ दिवस तेच डोक्यात. आता मोठी झाली असतील, आता किडे लागले असतील. खटल्याचं नंतर सुचलं."

ती दोन पावलं पुढं सरकली. एमिल्याँनं तिचा दंड पकडून मागं ओढलं. "तिथं पाय नको देऊस," तो चिडून म्हणाला.

खाली वाळक्या सुयांशिवाय काही नव्हतं. तो स्वतः त्या तुकड्याला वळसा घालून पलीकडे गेला, एकेक पाऊल बघून टाकत, जशी माणसं रांगत्या मुलांच्या खोलीत चालतात. वळसा कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे त्याच्या पायांना माहीत होतं. मग तो एका दगडावर बसला. तो दगड वरून गुळगुळीत झाला होता.

आर्मांदीन त्याच्या शेजारी बसली. तिला रडू आलं, ते त्याच्यासाठी होतं की सासऱ्यासाठी की त्या जाळीतून घातलेल्या विनवण्यांसाठी, ते तिला कळेना. थोड्या वेळानं तो म्हणाला, "ऊन उतरलं. चल."

रविवारी प्रार्थना संपल्यावर ती कॅफेत गेली. आत सहा-सात जणी होत्या, नोएमी गल्ल्यामागं ग्लास पुसत होती.

"मी जागा पाहिली," आर्मांदीन म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"अगंबाई. कुठं आहे?" एकीनं विचारलं.

"पेरिलाकच्या वाटेला."

पेरिलाकच्या वाटेला नाही, एवढं प्रत्येकीला कळलं, आणि त्याबरोबर बाकीचंही कळलं. एका म्हातारीनं मान डोलावली. दुसरीनं विषय काढला तो डुकराच्या भावाचा.

नोएमीनं दोन ग्लास भरले. एक आर्मांदीनपुढं सरकवला, पण तिच्याकडे बघितलं नाही. "तुझ्या नवऱ्याला मी कधी मापाबाहेर एक थेंब ओतला नाही," ती म्हणाली. "आणि तू दोन महिने लावलेस."

"चुकलं माझं."

"चुकलंच. पी."

त्यांचं येणं-जाणं पुन्हा सुरू झालं. पूर्वीसारखं मात्र झालं नाही. नोएमी विनोद करायची ते दुसऱ्यांशी.

एमिल्याँ त्याच हिवाळ्यात गेला. शवपेटी खांद्यावर घेतलेल्यांपैकी दोघांनी आर्मांदीनला बाजूला घेऊन हळूच विचारलं, जागेचं काही बोलला का शेवटी. ती म्हणाली, बोलला. दोघांनी आदरानं टोप्या काढल्या. मग पानगळ आली की तिला टोपली घेऊन निघावंच लागायचं, कारण गाव बघत असायचं. ती मूठभर घेऊन परत यायची आणि म्हणायची, यंदा पाऊस कमी.

बऱ्याच वर्षांनी तो सिनेमा टीव्हीवर लागला. तोवर नोएमीही गेली होती, आणि कॅफेच्या जागी न्हाव्याचं दुकान आलं होतं. शेजारच्या घरात शहरातून आलेलं नवं जोडपं राहत होतं. दुसऱ्या दिवशी त्या जोडप्यातली बायको, अगदीच तरुण मुलगी, क्लाफुती नावाचा केक घेऊन आली, चेरी घालून भाजलेला, कडा थोड्या करपलेल्या. बसल्या बसल्या संकोचानं म्हणाली, "मादाम फार्जा, ते तुमच्या यजमानांवरून घेतलंय म्हणतात. त्या बाईचं पुढं काय झालं?"

"बाई नव्हती कोणी. अळंबी आणायला गेले होते ते."

मुलगी हसली. मग एका विधवेसमोर आपण हसलो हे लक्षात येऊन गंभीर झाली आणि तिनं आर्मांदीनच्या हातावर हात ठेवला, आजारी माणसाच्या हातावर ठेवतात तसा. "हो, मादाम," ती म्हणाली.

अर्ध्या तासाच्या चालीवर जागा होती. आर्मांदीननं तिला तिथं नेलं असतं, तरी तिला फरची झाडंच दिसली असती.