अन्नपूर्णेभोवती अठरा दिवस, आप्पांभोवती आठ महिने

आमच्या घरात एक नियम आहे. मुकादमाचा हात लागल्याशिवाय पोतं उचलायचं नाही. का, ते विचारायचं नाही.

नियम मूळचा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातला. आप्पा, म्हणजे माझे मोठे काका, तिथे माथाडींच्या टोळीचे मुकादम होते. बाबा त्यांच्याच टोळीत, आणि आमच्या खालच्या मजल्यावरचे शंकरकाकाही. आता तिघेही रिटायर झालेत, पण टोळी काही मोडली नाही. ती मार्केटातून उठली आणि कोपरखैरण्याला आमच्या हॉलमध्ये येऊन बसली. फ्रिज कुठला घ्यायचा, मी सायन्सला जायचं की कॉमर्सला, सगळ्याला आधी आप्पांचा हात लागायला हवा.

अशा घरात वर्षातून एकदा काही मागणाऱ्याकडे एखादाच किस्सा जमतो. मी आठ महिने एकच गोष्ट मागत होते, त्यामुळे माझ्याकडे ढीग साठलाय. ऑफिसात सांगते तेव्हा सगळे पोट धरून हसतात. हसण्यासारखंच आहे, दुसऱ्याच्या घरात घडलं असतं तर!

मागणं एवढंच होतं: नेपाळात अन्नपूर्णा पर्वताला पूर्ण वळसा घालायचा. अठरा दिवस, पायी, पाठीवर सॅक. मी, सना आणि करुणा, कॉलेजपासूनच्या तिघी. ऑक्टोबरमध्ये.

*

पहिल्या दिवशी मी हॉलमध्ये लॅपटॉप उघडला आणि टोळीला फोटो दाखवले. बर्फ, झुलते पूल, मोठ्या सॅका घेऊन चाललेल्या मुली. शंकरकाकांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"ह्या पोरी काय करत्यात?"

"बॅकपॅकिंग, काका. सगळं सामान पाठीवर घेऊन चालायचं."

"दिवसभर?"

"हो."

"चढावर?"

"हो."

शंकरकाका बाबांकडे वळले. "आगं आय आय! ही हमाली की रं! आमी तीस वर्सं केली, तर सरकारनं आमचं गुडघं बदलाया काढलं. आन् ही स्वतःहून चाललीय!"

बाबा हसले, आप्पा हसले, स्वयंपाकघरातून आई हसली. मीही हसले. तीच चूक झाली. एकदा गोष्ट हसण्यावारी गेली की आमच्या घरात ती परत यायला दोन महिने लागतात.

*

दोन महिन्यांनी मी युक्ती केली. ट्रेक म्हटलंच नाही. "अन्नपूर्णेची परिक्रमा" म्हटलं. आईने लगेच हात जोडले. मला वाटलं, जमलं!

आप्पांनी विचारलं, "देऊळ कुठं हाय?"

"देऊळ असं नाही आप्पा, अख्खा पर्वतच अन्नपूर्णा."

"वर चढायचं?"

"वर नाही. भोवतीने. गोल."

"मंजी जिथनं निगायचं तिथंच यायचं?"

"साधारण तसंच."

आप्पांनी बराच वेळ विचार केला. मग फार समजूतदार आवाजात म्हणाले, "पोरी, अन्नपूर्णा आपुन पोरीला लग्नात देतोच की. पितळंची. देव्हाऱ्यात ठिवायची आन् मार गोल फिरायचं."

त्या आठवड्यात माझ्यासाठी दोन स्थळं बघितली गेली. एक साताऱ्याचं, एक कराडचं.

*

तरी तयारी सोडली नाही. पंधरा किलोंची सॅक पाठीवर घेऊन मी रोज सकाळी बिल्डिंगचे सात मजले चढू-उतरू लागले. लिफ्ट चालू असताना! सोसायटीतल्या बायका दार उघडून बघायच्या. एकीने आईला विचारलं, "घरात काही झालंय का हो?"

चौथ्या दिवशी आप्पा जिन्यात उभे होते. मला वाटलं, संपलं. पण ते माझ्या पायांकडे बघत होते.

"टाच आदी टेकतीयास. पुरा पाय टेक. आन् दम तोंडानं सोडू नगंस."

त्यांनी सॅक उतरवायला लावली, उघडली, आणि पायरीवर बसून सगळं सामान पुन्हा भरलं. जड ते पाठीलगत, हलकं ते बाहेर. मी पुन्हा उचलली तर सॅक निम्मी झाल्यासारखी वाटली. खरं सांगते, त्या अर्ध्या तासात मला आप्पा इतके आवडले की मी रडायच्या बेतात होते.

"आन, जरा दाव," म्हणत त्यांनी सॅक स्वतःच्या पाठीवर घेतली आणि दोन मजले चढून गेले. सरळ, न थांबता. तिसऱ्या मजल्यावर भिंतीला धरून बसले ते तिथून उठलेच नाहीत. खुर्चीत घालून खाली आणावं लागलं. पंधरा दिवस अंथरुणात.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, "हिच्या नादाने पाठ गेली हो त्यांची!"

तीस वर्षं क्विंटल-क्विंटल वाहिलं त्याचा काही दोष नाही. माझी सॅक!

*

करुणाचं घर दिवाळे गावात, खाडीवर. तिची आजी बाजारात मासळी विकायला बसते. आम्ही तिघी तिच्यासमोर परवानगी मागायला गेलो, तेव्हा ती कोळंबीचे सोडे वाळत घालत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डोंगरान म्हावरा गावतंय काय गो?"

"नाही आजी."

"मंग खाव काय?"

"डाळ-भात."

"अठरा दिस?" आजीने करुणाकडे अशी काही कीव करून पाहिलं, की मला वाटलं आता आजीच रडेल. पण आम्ही निघताना तिने आम्हाला सोड्यांचं पुडकं बांधून दिलं. म्हणाली, "वाटंला लागतीन." आम्ही पामबीच रोडवर रिक्षात नाचलो. आजी हो म्हणाली होती!

तीन आठवड्यांनी करुणाचा मेसेज आला. "सॉरी यार. साखरपुडा ठरला. तारीख आपल्या ट्रेकच्या मधली निघाली."

मी फोन केला. "ट्रेकच्या नेमकी मधली? कोणी काढली तारीख?"

"आजीनेच."

"तिला आपल्या तारखा कशा माहीत?"

"मीच सांगितल्या होत्या ना," करुणा म्हणाली.

*

राहिलो दोघी. सनाच्या अब्बांचं उरणला कपड्यांचं दुकान आहे. माणूस एकदम सभ्य. ते म्हणाले, "बेटा, माझी काही हरकत नाही. तुझे आप्पा हो म्हणाले की माझं हो समज."

मी धावत घरी आले. आप्पा म्हणाले, "त्यो जानता मानूस हाय. त्यो हो म्हनला की बघू."

मी अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, "असं कसं, आधी ते मोठे." आप्पा म्हणाले, "न्हाय न्हाय, त्यांची पोरगी, आदी त्येनी बोलावं." असा एक महिना! तिकडे सनाच्या मॅनेजरने रजेसाठी शेवटची तारीख दिलेली. शेवटी मी आप्पांच्या फोनवरून अब्बांना फोन लावला, आप्पांच्या हातात दिला आणि खोलीतून बाहेर आले. चाळीस मिनिटं बोलणं झालं. आतून हसण्याचे आवाज येत होते. सना मला मेसेजवर मेसेज करत होती: झालं का? झालं का?

आप्पा बाहेर आले. चेहरा खुललेला.

"लई चांगला मानूस. त्येंचंबी गुडघं दुकत्यात. तेल सांगितलं मी."

"आणि आमचं?"

"तुमचं काय?"

सनाची रजा दुसऱ्या कुणाला गेली. त्या दिवशी मी भिंतीवर लावलेला ट्रेकचा नकाशा उतरवला. लाल पेनाने अठरा मुक्काम लिहिलेले होते, एकेक नाव तोंडपाठ झालेलं. घडी घालून गादीखाली ठेवला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. आईने विचारलं, "पित्त झालंय का?"

*

मग एका ट्रेकिंग ग्रुपची जाहिरात दिसली. तीच वाट, अनोळखी माणसं, सोबत गाइड, एक जागा शिल्लक. रविवारी संध्याकाळपर्यंत नाव कळवायचं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी टोळीपुढे उभी राहिले आणि सांगितलं, की ही शेवटची वेळ, यानंतर मी विचारणार नाही.

आप्पांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाले, "जा."

मला ऐकूच आलं नाही. शंकरकाकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आईने डोळे पुसले आणि शिरा करायला उठली.

"पर एक," आप्पा म्हणाले. "सामान उचलाया मानूस घ्यायचा. तिकडं मिळत्यात म्हनं. आपल्या घरातल्या पोरीनं पाठीला बोजा लावायचा न्हाय. त्यापायी न्हाय शिकीवलं तुला."

"त्याचे पैसे मी देतो," बाबा लगेच म्हणाले.

माहितीपत्रकात ती सोय होती. मी वाचून दाखवली. दोघांच्या बॅगा मिळून एक हमाल. वीस-पंचवीस किलो.

"मग हलकंच हाय," शंकरकाका म्हणाले. "आन् त्येला सवय असतीय."

आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. मी फक्त हो म्हणायचं होतं.

"मी हमाल घेणार नाही."

"मग जायचं न्हाय," आप्पा म्हणाले.

"जाणार. आत्ता नाव कळवते. पण माझी बॅग त्याच्या पाठीवर आणि मी त्याच्यापुढे मोकळी, हे मला नाही जमणार, आप्पा. तुम्हाला चालेल?"

आप्पांनी माहितीपत्रक माझ्या हातातून घेतलं आणि पालथं ठेवलं. शंकरकाका फरशीकडे बघू लागले. बाबांचा हात मानेमागे, पोतं टेकायचं तिथे, गेला होता, तो तिथेच राहिला.

भर मार्केटात ज्यांचे आवाज चार गाळे पलीकडे जायचे, त्या तिघांसमोर मी फोन काढला आणि नाव कळवलं.