ताकदीची बाटली

हसणार न्हाई असं कबूल करा, मग सांगते. हसलात तरी चालंल म्हणा, पण तवा माझ्या डोळ्यांत रडायलाबी पाणी उरलं न्हवतं.

सायबाच्या राज्यातली गोष्ट. तुंगार्लीला एका पारशी शेटच्या बंगल्यावर आमचे हे माळी होते. बंगल्यामागच्या खोलीत आमी राहायचो. पहिलं लेकरू माझं पाळण्यातच गेलेलं. दुसरा झाला, तर मला दूधच पुरंना. पोर दिसभर रडायचं, त्याच्यासंगं मी.

शेटाणीबाईंना दया आली. मुंबईला परत जाताना त्यांनी एक भली मोठी बाटली दिली. म्हणाल्या, ताकदीची हाय, रोज चमचाभर घे. आता चमच्यानं कुटं दूध येतं व्हय? मी वाटीच घेतली. लाल, गोड, मनुकांच्या पाण्यावाणी. सकाळी घ्यायची, सांजच्याला घ्यायची.

आन पोर गप झालं. आधी मी देवाला हात जोडले. मग बघते तर काय, अंगावर घेतलं की जरा ओढतंय आन मान टाकतंय. हलवलं तरी डोळा उघडंना. त्यात खोलीत वास, दारूचा. बंगल्यात कपाटभर दारू आन किल्ल्या ह्यांच्याकडं. मी ताडलं. हे पितात, आन पोरानं रडू नये म्हणून त्याच्या तोंडालाबी बोट लावतात.

ह्यांनी एकवीरेची आण घेतली. मी म्हणाले, पेताडं अशीच आण घेत्यात. कान्ह्याला माहेरी निरोप धाडला. भाऊ आला, ह्यांना चार माणसांत नको नको ते बोलला. हे खाली मान घालून उभे. मी पोराला घेऊन माहेरी निघाले. बाटलीबी घेतली. आता तर ताकद जास्तच लागणार होती न्हवं का?

पण कान्ह्यातबी पोर निजलेलंच. ओठ सुकलेले. त्याच्या नाकाशी हात धरून मी बसून राहिले. पहिल्यावाणी हेबी चाललं, असं वाटलं. आन वास? तो हितंबी होता. मी आईला म्हणाले, "बापाची दारू पोराच्या रक्तात भिनलीया."

आईनं पोराचं तोंड हुंगलं. मग माझं हुंगलं. मग कोपऱ्यातल्या बाटलीचं बूच काढलं आन खालीच बसली.

"ही कोण पितंय?"

"मीच. औषध हाय."

"आगं, दारू हाय ही. जावयाला काय बोलू नगं. तू पितीस, आन तुझ्या अंगावर लेकरू पितंय."

पायाखालची भुई सरकली माझ्या. आईनं बाटली उकिरड्यावर ओतली आन शेळीचं दूध बोळ्यानं पोराला पाजत बसली. दुसऱ्या दिशी पोरानं असा टाहो फोडला, की माझ्या जिवात जीव आला.

हे न्यायला आले. मी पायाशी वाकले तर मागं सरले. "पोर रडतंय न्हवं? मग झालं," एवढंच म्हणाले.

पण गावाला खरं कोण सांगणार? बाईमाणूस दारू प्यालं म्हणल्यावर तोंड कुटं दाखवायचं? आई म्हणाली गप बस. हेबी म्हणाले गप बस. मी बसले.

ह्यांनी जन्मात थेंबाला हात लावला न्हाई. तरी म्हातारे होईस्तोवर कान्ह्यातल्या बाया ह्यांना दारुडा म्हणायच्या. आन आमच्या घरात जी एकटी ढोसत होती, तिच्याकडं बघून म्हणायच्या, "बिचारी!"