गुरूंचा ईमेल

आमच्या हळद संशोधन केंद्रात मी ग्रंथपाल, पण पुस्तकांनी मला कधी त्रास दिला नाही. माझ्या डोक्याला ताप असे तो शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांचा. निबंध कुणालाही फुकट वाचता यावा असं वाटत असेल, तर जर्नलचं शुल्क लिहिणाऱ्याने भरायचं, असा हा उफराटा कारभार. आमच्या मुख्य संस्थेने एका प्रकाशकाशी करार केला होता, म्हणून आमच्या लोकांना ते शुल्क माफ होतं. माफी कुणाला लागू होते हे बघायचं काम माझ्याकडे. करार जाडजूड होता. मी त्याची पहिली चार पानं वाचली होती आणि बाकीची वाचल्याच्या थाटात वावरत होतो.

केंद्रात कंत्राटावर एक मुलगी होती, पुसेगावकडची, शेतकऱ्याची लेक. तिने हळदीच्या कंदकुजीवर तीन वर्षं काम केलं, तेही गावातल्या लोकांच्या वावरात. निबंध पाठवायच्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन माझ्यापुढे बसली. जर्नलशी पत्रव्यवहार कोण करणार, त्याचं नाव आणि ईमेल, असा एक रकाना होता. तिथे तिने स्वतःचं नाव घातलं होतं.

"गुरू असताना आपण पुढं पुढं करू नये," मी म्हणालो. "सरांचं टाक. तेवढाच मान."

तिचे गुरू दुसऱ्या विद्यापीठातून निवृत्त झालेले. लग्नपत्रिकेत वडीलधाऱ्यांची नावं वर घालतात, तितकंच साधं मला ते वाटलं. तिने मुकाट्याने आपलं नाव पुसलं.

काही महिन्यांनी सगळ्या लेखकांना निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं आणि सोबत शुल्काचं बिल. तिचे कित्येक पगार त्यात गेले असते. मी घाईघाईने करार उघडला. सहाव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की पत्रव्यवहार करणारा लेखक आपल्या संस्थेचा असेल तरच माफी. तिथे माझ्याच सांगण्यावरून गुरूंचं नाव होतं.

"सर, एवढे पैसे मी कुठून आणू? आन् न्हाई भरले तर?"

"मग निबंध कुलपात. पैसे मोजेल तोच वाचेल."

"ज्यांच्या वावरात काम केलं त्यांना शब्द दिला व्हता सर. छापून आलं की मोबाईलवर दाखवते म्हणून."

जर्नलने कळवलं की नाव बदलता येईल, पण गुरूंनी शुक्रवारपर्यंत आपल्या ईमेलवरून संमती द्यायला हवी. तो बुधवार होता. गुरू फोन उचलेनात. मला एका जागी बसवेना. व्हरांड्यात जायचं, फोन लावायचा, आत येऊन तेच सहावं पान वाचायचं, परत व्हरांडा. जेवणाचा डबा तसाच घरी गेला. गुरुवारी सकाळी तिला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि सिद्धेश्वरचा रस्ता धरला. गुरू तिथे धरणाखाली शेती करत. वारंगा फाट्यावर ट्रकांच्या कलकलाटात थांबून मी पुन्हा फोन लावला. नुसती रिंग जात राहिली. पुढचा सगळा रस्ता मी गाडी रागाने हाणली, आणि तो राग कुणावर होता हे मला पक्कं ठाऊक होतं.

गुरू पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसले होते. फोन घरी चार्जिंगला होता म्हणे! सगळं ऐकून घेतल्यावर ते तिच्याकडे वळले.

"मला काहून टाकलं गं तिथं? काम तुझं, तर उत्तरंबी तूच द्यायची. मी तर वर्षभर तो मेल उघडला न्हाई. कुणी सांगितलं तुला असं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"माझंच चुकलं सर," ती म्हणाली. "मला समजलं न्हाई."

आणि मी तोंड मिटलं. घरी जाऊन गुरूंनी संमती पाठवली. जर्नलच्या फॉर्ममध्ये नाव बदलायचं कारण विचारलं होतं. तिने 'लेखिकेची चूक' असं लिहिलं, आणि ते माझ्याच फोनवरून, माझ्या डोळ्यांदेखत गेलं.  माघारी येताना मला स्वतःची शिसारी आली होती, तरी आता बोलून काय उपयोग, असं मी मनाशी घोळवत राहिलो.

शुल्क माफ झालं. निबंध सगळ्यांसाठी खुला झाला. सोमवारच्या बैठकीत संचालकांनी माझं तोंडभरून कौतुक केलं. मी धावपळ केली म्हणून एवढं मोठं शुल्क वाचलं, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. त्या वाजत असतानाही उठून खरं सांगता आलं असतं. मी खुर्चीत चुळबुळत राहिलो.

"यापुढं नव्या मुलांनी," संचालक तिच्याकडे बघून म्हणाले, "फॉर्म पाठवण्याआधी ग्रंथपालांना दाखवत जावा."

"व्हय सर," ती म्हणाली, आणि तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.