वसंतकाकांची डच घड्याळं

जुनी घड्याळं काय किंवा किस्से काय, मुद्दाम कोणी जमवत नाही, आपोआप साठतात! लंडनमध्ये पिनरला वसंतकाकांच्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिलीच नाही. भिंतीभर जुनी डच घड्याळं. शनिवारी दुपारी मी आणि माझा मित्र निनाद तिथे दुरुस्ती शिकायला जातो. शिकतो कमी, लंबकांकडे बघत तंद्री लावतो जास्त.

*

निनादने पहिलं घड्याळ घेतलं आणि आठवड्यात तक्रार घेऊन हजर.

"काका, हे फॉल्टी आहे. साडेतीनला चार ठोके देतं!"

"डच माणूस साडेतीनला 'अर्धे चार' म्हणतो. म्हणून अर्ध्या तासाला छोट्या घंटेवर पुढच्या तासाचे ठोके. घड्याळ बरोबर आहे रे, तू मराठी आहेस!"

*

एका घड्याळाच्या तबकडीवर दोन चंद्र रंगवलेत, आळीपाळीने वर येणारे. एक हसरा, दुसरा वैतागलेला. "असं का?" मी विचारलं.

"दुसरा काढताना चित्रकाराला घरून जेवायची हाक आली असणार!"

त्या दुपारी मी नुसता तो चंद्र बघत बसलो. ती हाक मला जवळजवळ ऐकू आली.

*

निनादने एकदा पितळी वजनं घासून लखलखीत केली. काकांचा चेहरा पडला. "अरे, इतक्या पिढ्यांच्या हातांनी आलेला रंग एका दुपारी घालवलास!"

दारातून काकू म्हणाल्या, "निनाद, आमची समई पण आहे हो."

*

टिक आणि टॉकमध्ये अंतर सारखं हवं. नसेल तर घड्याळाची खालची बाजू केसभर सरकवायची. काका हे डोळे मिटून, कानाने करतात. निनाद त्यासाठी फोनवर ॲप घेऊन आला.

"तुझ्या ॲपला झोप लागते का? मला लागते. लागली, की घड्याळ बरोबर!"

*

गेल्या शनिवारी काकांनी लीड्सच्या एका बाईंचं घड्याळ दुरुस्त करून टांगलं. बाई तासाभरात न्यायला येणार होत्या. घड्याळ सरळसरळ लंगडत होतं. काका डोळे मिटून म्हणाले, "वा! सुरेख चाललंय."

मी निनादकडे पाहिलं. बोललेलं काकांना कळायचं, पण हा बारीक आवाज आता त्यांना ऐकूच येत नव्हता. ते त्यांना सांगायचं म्हणजे गॅरेजला कुलूप लावा म्हणण्यासारखं.

काकू चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवला आणि घड्याळाची खालची बाजू डावीकडे सरकवली. मग किंचित मागे. टिक, टॉक, टिक, टॉक.

काकांनी डोळे उघडले. "तुला कधीपासून जमायला लागलं हे?"

"दोन वर्षं झाली. तुम्ही आंघोळीला गेलात, की सगळी मीच सारखी करते."

काकांनी दुसरं स्टूल ओढलं, त्यावरचं तेल आपल्या रुमालाने पुसलं आणि काकूंना म्हणाले, "बस."