वेदना : नाही

"हाडापर्यंत गेलंय, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "ऑस्टिओमायलायटिस."

म्हणजे हाडाला झालेला जंतुसंसर्ग. मला अर्थ सांगायची गरज नव्हती, तरी त्यांनी सांगितला आणि मीही शिकाऊ नर्ससारखी मान डोलावली. आईच्या माकडहाडावर माझी मूठ मावेल एवढा खड्डा पडला होता. बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून कुजलेली जखम.

माझं अख्खं करिअर याच जखमेवर उभं आहे, हे आधीच सांगून टाकते. वीस वर्षं मी नर्सिंग शिकवलं आणि परावलंबी म्हाताऱ्या माणसांची देखभाल कशी सुधारेल यावर संशोधन केलं. पनवेलच्या ज्या शुश्रूषा केंद्रात आई होती, तिथला रोजच्या तपासणीचा तक्ता मीच बनवलेला. त्यासाठी शाल-श्रीफळसुद्धा मिरवून घेतलंय.

पक्षाघातानं आईची डावी बाजू गेली, तेव्हा मी तिला तिथं ठेवलं. आमच्या जासई गावात लोकांनी नावं ठेवली. लेक एवढी मोठी नर्स आणि आयला टाकली, म्हणाले. म्हणू देत, मला काय त्याचं! माझ्या तक्त्यावर माझा पुरा भरवसा होता.

तक्ता असा. केंद्रात मावश्या कमी, त्यामुळे रोज प्रत्येकाची पाठ उघडून बघणं जमत नव्हतं. अगदी अंथरुणाला खिळलेल्यांची पाठ रोज बघायची. खुर्चीत बसू शकणाऱ्यांना फक्त विचारायचं, "वेदना आहेत का?" उत्तर 'होय' आलं तर तपासायचं. 'नाही' आलं की खूण करून पुढच्या खाटेकडे. आई खुर्चीत बसायची. आंघोळही नेसत्या लुगड्यावर पाणी घेऊन उरकायची, मावशीलासुद्धा पाठ दाखवायची नाही.

पहिलं लक्षण होतं वास. एका रविवारी गेले, तर तिच्या खाटेपाशी गोडसर, उग्र भपकारा. वारा तळोज्याकडून आला की पनवेलकरांना असल्या वासांची सवय असते. आम्ही कारखान्यांना शिव्या घालतो आणि कामाला लागतो. मीही शिव्या घातल्या आणि खिडकी लावून घेतली. नर्सिंगची प्राध्यापक मी, आणि मला पूचा वास ओळखता आला नाही. पुढच्या रविवारी तिला ताप होता, आणि मंगळवारी आम्ही हॉस्पिटलात.

मग एमआरआय, ब्लड कल्चर, रिपोर्टची वाट. लिफ्टसमोरच्या बाकड्यावर बसून मी तिच्या तक्त्याची झेरॉक्स वाचत होते. तीन महिने, एकही दिवस न चुकता, वेदना : नाही. मला वाटलं, मावश्यांनी न विचारताच खुणा केल्या. त्यांना फाडून खायचं मी ठरवलंच होतं.

दोनदा डिब्राइडमेंट झालं, म्हणजे मेलेलं मांस कापून काढलं. चौथ्या दिवशी ड्रेसिंग चालू असताना आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की माझा धीर सुटला.

"आये, एवढं दुखत होतं तर सांगितलं का नाहीस? रोज विचारायच्या ना तुला?"

"इचारायच्या ना," आई म्हणाली. "रोज इचारायच्या, आजी, वेना हायत का. ऐंशीव्या वर्साला मना कसल्या वेना येतील गो? मी सांगायची, नाय. तुज्या टायमाला आल्या त्या शेवटच्या."

ड्रेसिंग करणारी मुलगी हसली. मला हसू आलं नाही. तिची वेना म्हणजे वेणा, बाळंतपणाच्या कळा. वेदना हा शब्द आमच्या घरात कुणी कधी बोललेलं नाही. आमच्याकडे दुखतं, ठणकतं, आग होते. जासईच्या आगरी घरात जन्मलेल्या मला हे माहीत नव्हतं का? होतं. पण तक्ता लिहिताना मी प्राध्यापकबाई होते. मावश्या बिचाऱ्या रोज, चोख, मी शिकवलं तसंच विचारत होत्या.

अकराव्या दिवशी सेप्सिस झाला. म्हणजे जंतू रक्तात पसरून एकेक अवयव बंद पडू लागतो. "थोडं आधी कळलं असतं तर," डॉक्टर म्हणाले आणि थांबले. वाक्य पुरं न केल्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. तेराव्या दिवशी पहाटे आई गेली.

तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस बसून किंवा पडून असेल, तर माझं एवढं ऐका. त्याच्या बोलीत विचारा. आणि ते 'बरं हाय' म्हणालं तरी पाठ, कंबर, टाचा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. लाजेल, रागावेल. रागावू द्या.

दिवसकार्य उरकलं आणि मी केंद्रात गेले, तक्ता न घेता. खुर्चीत बसणाऱ्या आणखी नऊ बायका होत्या, बहुतेक उरण-पनवेलच्या गावांतल्या. नऊजणींच्याही कागदावर महिनोन्महिने 'नाही'. पहिल्या आजीपाशी मी खाली बसले. विचारलं, "आजी, बूड ठणकतं का गो? आग होते?"

 ती उजव्या हातानं खुर्चीचा दांडा धरून अंगाखालून लुगडं सोडवायला लागली.

"आदी दार लाव," ती म्हणाली.